खोलीचा आवाज

माझं काम आवाजाचं.
चित्र दुसऱ्याचं, शब्द तिसऱ्याचे,
मी कानाला हेडफोन लावून
माइकचा दांडा माणसाच्या डोक्यावर धरतो,
सावली चौकटीत पडू नये एवढं बघतो.

परंड्याच्या पुढे, सीनेच्या अलीकडे,
जिथं निजामाची हद्द संपायची
आणि करोडगिरीचा नाका होता
(आता पंक्चरचं दुकान, टायरात लावलेली तुळस),
त्या गावात सोजरबाईंकडे गेलो.
सतरा सप्टेंबर आठ दिवसांवर.
दिग्दर्शकाच्या कागदावर:
वय चौदा. भाकरीच्या टोपल्यातून काडतुसं.
सोळा खेपा. एकदाही सापडली नाही.
'वीरबाला'खाली दोन रेघा.

पत्र्याची खोली. पंखा बंद करायला लावला,
फ्रिजची वायर काढली,
शेजारच्या पोराला दहा रुपये देऊन
बोकड लांब बांधायला लावला.
पदराला छोटा माइक अडकवला तेव्हा
सोजरबाई म्हणाल्या,
"ह्ये टोचतंय का रं, का ऐकतंय?"

भीती नाही वाटली?
"वाटली की. नाका दिसला की मुतायला व्हायचं."
कट.
आजी, जरा देशाबद्दल बोला ना.
"देश कुटं व्हता, बाबा. नदी व्हती.
पल्याड कॅम्पात भाऊ व्हता.
उपाशी व्हता."
कट.

मग त्या न विचारता बोलल्या.
सातवी खेप. नाक्यावर दस्तगीर शिपाई.
"हात घातल्ता त्यानं टोपल्यात.
वरल्या दोन भाकरी उचलून बाजूला ठिवल्या.
खाली गार लागलं त्याला.
पितळ गार आसतं, भाकर ऊन.
माज्याकडं बघितलं. हात तसाच आत.
मग म्हन्ला, जा बेटी, रोटी ठंडी हो जाती.
त्याच्याफुडं नऊ खेपा त्योच नाक्यावर.
पाळी नसली तरी यायचा."

कॅमेरा चालू होता.
दिग्दर्शक घड्याळ बघत होता.

"अन मग तुमचं ते सोतंत्र आलं.
फौज आली, रजाकार पळाले.
ज्यांना पळायचं काम नव्हतं ते ऱ्हायले.
दस्तगीर ऱ्हायला. त्यो शिपाई व्हता, रजाकार न्हवता.
गावच्याच लोकांनी...
हिरीत."
पदर तोंडाशी नेला,
माइकवर कापड घासलं.
तांत्रिकदृष्ट्या तो आवाज खराब आहे.
"म्या बोलले न्हाई. टोपलं घिऊन उभी ऱ्हायले.
चौदा वर्साची.
तुमी वीर का काय म्हन्ता, ती."

शेवटी नेहमीसारखं मी म्हणालो,
एक मिनिट कुणी बोलू नका,
खोलीचा आवाज घ्यायचाय.
कुणी गप्प असलं तरी खोलीला आवाज असतोच.
संकलनात दोन वाक्यांच्या मधे
जिथं काही कापलेलं असतं
तिथं तो भरायचा,
म्हणजे सांधा कळत नाही.

साठ सेकंद.
पत्रा तापून तडकला. लांब बोकड.
सोजरबाईंचा श्वास, आत घेताना बारीक शीळ.
एकविसाव्या सेकंदाला बांगडी.
मान वर केली तर
त्यांचा उजवा हात मांडीवरून
काहीतरी उचलून बाजूला ठेवत होता.
एक.
पुन्हा बांगडी.
दोन.

फिल्म अठरा मिनिटांची झाली.
ड्रोनमधून सीना फार देखणी दिसते.
सोजरबाई म्हणतात, "टोपल्यात काडतुसं,"
मग बिगूल, मग झेंडा,
शाळाशाळांतून पोरं टाळ्या वाजवतात.
सांधा कुठंच कळत नाही.
चांगलं काम केलंय मी.

फक्त अकराव्या मिनिटाला,
"कवाच सापडले न्हाई" याच्यानंतर
चार सेकंद
नुसता त्या खोलीचा आवाज आहे.
दिग्दर्शक म्हणाला, इथं जागा जास्त राहिली,
आवळू या.
मी म्हणालो, राहू दे, श्वासाला लागते.

शाळेतले स्पीकर फाटके असतात.
चांगल्या स्पीकरवर, आवाज मोठा करून,
बांगडी ऐकू येते.
दोनदा.